एक गोळी, दोन विषाणू: इंदूरमधली माझी दोन वर्षं

एचआयव्हीबद्दल मराठीत थोडंफार वाचायला मिळतं, हिपॅटायटिस बी या लिव्हरच्या संसर्गाबद्दलही मिळतं. दोन्ही एकाच माणसाला असतील तर काय, हे मात्र मला 2023 साली मराठीत कुठेच वाचायला मिळालं नाही. ज्यांच्या हातात हे दोन रिपोर्ट एकदम पडले असतील त्यांच्यासाठी लिहितो आहे. नाव, गल्ली, दुकान सांगत नाही. आम्ही चार पिढ्या इंदूरचे, माझं वय तेव्हा 43, घाऊक कापडाच्या दुकानात हिशेब बघतो, घरी आई, बायको आणि मुलगा. एवढी ओळख पुरे. मी डॉक्टर नाही. खाली औषधांबद्दल जे आहे ते मला डॉक्टरांनी आणि समुपदेशक ताईंनी समजावून सांगितलेलं आहे. तुमचे निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

फेब्रुवारी 2023. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. एका खासगी रुग्णालयात आधीच्या तपासण्या केल्या. बिलात ‘व्हायरल मार्कर्स’ अशी एक ओळ होती, बाराशे रुपये. त्यात एचआयव्ही तपासतात हे कुणी सांगितलं नाही आणि संमतीही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने रांगेतल्या लोकांसमोर फाईल परत केली. “सर मना कर रहे हैं, आप एम.वाय. चले जाइए.” एम.वाय. म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय. जिन्यात उभं राहून मी कागद उघडला. एचआयव्ही रिअॅक्टिव्ह (म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह), एचबीएसएजी (ही हिपॅटायटिस बीची चाचणी) रिअॅक्टिव्ह. दुसऱ्या ओळीकडे माझं लक्षच गेलं नाही. पहिलीनेच पाय गळून गेले होते.

जे घडलं ते बेकायदा होतं, हे मला नंतर कळलं. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल चारचौघांत सांगता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मी तक्रार केली नाही, तेवढं त्राण नव्हतं. तुमच्यात असेल तर जरूर करा. निदान तिथल्या तिथे कायद्याचं नाव तरी घ्या.

चार-पाच दिवस कुणालाच काही बोललो नाही. मग 1097 ला फोन लावला. हा सरकारी मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की खासगी लॅबच्या एका रिपोर्टवर विश्वास ठेवून बसू नका, एम.वाय.मधल्या आयसीटीसी केंद्रात (एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी करणारं सरकारी केंद्र) जाऊन पक्की तपासणी करून घ्या.

महाराजा यशवंतराव रुग्णालय म्हणजे आमचं एम.वाय. तिथली गर्दी पाहून माघारी फिरावंसं वाटतं, पण आयसीटीसीची खोली त्या गर्दीपासून जरा वेगळी निघाली. आधी समुपदेशक ताई बोलल्या, मग संमतीची सही, मग रक्त. एकाच नमुन्यावर वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्या करतात आणि तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच पक्कं धरतात. माझ्या तिन्ही आल्या. खर्च शून्य. ताईंनी “कसं झालं?” हे नोंदीपुरतं विचारलं, उत्तर लिहून घेतलं आणि पुढच्या वाक्यात म्हणाल्या, “अब ये सवाल यहीं छोड़ दीजिए, इलाज इससे नहीं बदलता.” म्हणून मीही तो इथे सोडतो आहे.

बायकोला सांगणं ही या सगळ्यातली सर्वांत कठीण गोष्ट. मुलगा झोपल्यावर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “मला आहे का?” दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तिची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह, हिपॅटायटिस बीही निगेटिव्ह. संसर्ग नवा असेल तर सुरुवातीला चाचणीत दिसत नाही (विंडो पीरियड), म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा केली, तेव्हाही निगेटिव्ह. तरी ती त्यानंतर कित्येक आठवडे आईच्या खोलीत झोपत होती. तिचा राग रास्त होता आणि मी समजूत घालायला गेलो नाही. एक दिवस तीच म्हणाली, “पुढच्या वेळी डॉक्टरांशी मी बोलणार.” आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक वेळी ती सोबत आली आहे.

मग एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं (एआरटी) मोफत मिळतात ते केंद्र. तिथल्या नोंदणीला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि आयसीटीसीचा रिपोर्ट लागला. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. एआरटी क्रमांक मिळाला आणि एक हिरवी पुस्तिका. ही पुस्तिका जपा. प्रत्येक भेट, वजन, गोळ्या, पुढची तारीख सगळं तिच्यात असतं, आणि दुसऱ्या गावी अडकलात तर तिथल्या एआरटी केंद्रात ती दाखवून गोळ्या मिळू शकतात. सोमवारी आणि सणानंतरच्या पहिल्या दिवशी गर्दी फार असते. मी बुधवारी सकाळी लवकर जातो.

पहिल्या तपासण्या: सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) 236, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) 0.9, एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा आकडा) 74. क्ष-किरण काढला. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे चार प्रश्न विचारले. ते टीबीसाठी असतात आणि प्रत्येक भेटीत विचारतात, कंटाळू नका. सीडी4 साडेतीनशेच्या खाली म्हणून इतर संसर्ग टाळणारी कोट्रायमोक्झाझोलची गोळी सुरू केली. टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड देतात, ती मात्र डॉक्टरांनी मुद्दाम पुढे ढकलली. कारण ती गोळी लिव्हरला त्रास देऊ शकते आणि माझं लिव्हर आधीच सुजलेलं होतं. हिपॅटायटिस बीचा माझ्या आयुष्यातला पहिला परिणाम तो.

खरं तर दुसऱ्या ओळीचा अर्थ त्या दिवशीच मला कळला. डॉक्टर म्हणाल्या, आता हिपॅटायटिस बीचंही सगळं बघू. मला घाई झाली होती, म्हणून पहिल्या तपासण्या बाहेरून केल्या: एचबीव्ही डीएनए (रक्तात बीचा विषाणू किती आहे) साडेचार हजार रुपये, एचबीई अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) सातशे, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय) अडीच हजार. घाई नसेल तर आधी विचारा. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या आजाराच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत, आणि माझ्या नंतरच्या डीएनए तपासण्या तशाच झाल्या. निकाल: डीएनए दोन कोटींच्या वर, ई अँटिजेन पॉझिटिव्ह, फायब्रोस्कॅन 8.1. सोनोग्राफी ठीक.

दोन कोटी हा आकडा वाचून मला वाटलं की संपलंच. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि टेबलावर गोळ्यांची बाटली ठेवली. टीएलडी. टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300, डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम, तिन्ही एका गोळीत, दिवसातून एकदा. यातली पहिली दोन औषधं एचआयव्हीवरही काम करतात आणि हिपॅटायटिस बीवरही. म्हणजे बीसाठी वेगळं औषध नको. “भैया, गोली एक है, काम दो कर रही है. इसलिए कोई भी बोले, मुझसे पूछे बिना बंद मत करना.” हे वाक्य मी अक्षरशः वहीत लिहून घेतलं, आणि दोन महिन्यांनी त्याचाच आधार झाला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली. तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरॅपिन असा संच पुष्कळांना दिला जाई. त्यात बीवर चालणारं औषध एकच, लॅमिव्हुडिन. एकट्या लॅमिव्हुडिनला बीचा विषाणू काही वर्षांत दाद देईनासा होतो. उलटही तसंच आहे. कुणी एचआयव्ही न तपासता नुसतं बीसाठी एन्टेकॅव्हिर दिलं, तर एचआयव्ही लॅमिव्हुडिनला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून हिपॅटायटिस बी निघालेल्या प्रत्येकाने औषध सुरू करण्याआधी एचआयव्ही तपासून घ्यावा, आणि एचआयव्ही निघालेल्याने बी. डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्हुडिन या दोनच औषधांची गोळीही निघाली आहे. माझ्या ओळखीच्या एकाने “औषध कमी, त्रास कमी” म्हणून ती सुचवली. एचआयव्ही एकटाच असेल तर ती चालते. आपल्यासारख्यांना चालत नाही, कारण तिच्यात टेनोफोव्हिर नाही.

मार्चच्या मध्यावर पहिली गोळी घेतली. रात्री नऊची वेळ ठरवली होती. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी आणि विचित्र स्वप्नं. झोप उडाली. डॉक्टरांना विचारून वेळ सकाळी नाश्त्यानंतर केली आणि दहा-बारा दिवसांत सगळं निवळलं. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या अॅसिडिटीच्या गोळ्या आणि पातळ औषधं, कॅल्शियम, लोह यांनी डोल्युटेग्राव्हिर नीट शोषलं जात नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. इंदुरात शेव-कचोरी खाऊन अॅसिडिटीचं औषध ढोसणं रोजचं, म्हणून हे लक्षात ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत असाल तर पहिल्याच दिवशी सांगा, तिचा डोस बघावा लागतो. आणि हर्निया दुखतो म्हणून मी अधूनमधून डायक्लोफेनॅक घेत असे, ती बंद झाली. टेनोफोव्हिरमुळे किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, त्यात अशा वेदनाशामकांची भर नको. डोल्युटेग्राव्हिर सुरू झाल्यावर क्रिएटिनिन किंचित वर गेलं, 0.9 चं 1.1 झालं. किडनी बिघडलेली नसतानाही या औषधाने तो आकडा थोडा वाढतो, हे आधी सांगितलं असल्यामुळे मी घाबरलो नाही.

घाबरलो ते मे महिन्यात. थकवा वाढला, जेवण जाईना. तपासणीत एसजीपीटी 348. बिलिरुबिन 1.6. गोळी सुरू होण्याआधी 74 होतं, आता जवळजवळ पाचपट. घराजवळच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की ही औषधांची गर्मी आहे, सगळं बंद करा, लिव्हर वाचवा. माझ्या चुलतभावाचंही तेच म्हणणं. डोळ्यांसमोर आकडा होता आणि आकडा गोळीनंतरच वाढला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

बायकोने वही काढून ते वाक्य दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोघं केंद्रात.

डॉक्टरांनी आधी डोळे पाहिले, हात पुढे करायला सांगितले, लघवीचा रंग विचारला, उलट्या होतात का, झोपेचं वेळापत्रक उलटलंय का हे विचारलं आणि रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी केली. ती नॉर्मल होती. मग समजावलं. इतके दिवस प्रतिकारशक्ती दमलेली होती, म्हणून लिव्हरच्या पेशींत बसलेल्या बीच्या विषाणूकडे तिचं लक्षच नव्हतं. एचआयव्ही दबला, ती जागी झाली आणि आता त्या पेशींवर तुटून पडते आहे. सूज त्याची आहे. उपचार सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत असं होऊ शकतं. औषधाचा दुष्परिणामही असू शकतो, म्हणून कोट्रायमोक्झाझोल थोडे दिवस थांबवून बघितलं, पण टीएलडी चालू ठेवली. त्या म्हणाल्या, आत्ता टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन काढलं तर बीचा विषाणू मोकाट सुटेल आणि तेव्हा येणारी सूज जिवावर बेतू शकते. दर आठवड्याला रक्त द्यायचं, आणि डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, सतत उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर तारखेची वाट न बघता थेट आपत्कालीन विभागात यायचं.

तो काळ वाईट गेला. आठवड्याचा आकडा येईपर्यंत मन थाऱ्यावर नसे. 348 चं 390 झालं, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. मग 260. जूनअखेर 120. सप्टेंबरात 38. कुणाला हे आत्ता होत असेल तर माझं सांगणं एवढंच: स्वतःहून गोळी बंद करू नका, आणि घरी बसूही नका. एआरटी केंद्रात जा. ज्यांना फक्त एक आजार दिसतो त्यांचा सल्ला या प्रसंगी धोक्याचा असतो, भले तो कितीही मायेने दिलेला असो.

सप्टेंबर 2023 मध्ये सहा महिन्यांचा पहिला एचआयव्ही व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) झाला, मोफत. निकाल यायला साधारण दोन आठवडे लागले. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे रक्तात विषाणू सापडला नाही. सीडी4 371. कोट्रायमोक्झाझोल मध्यंतरी पुन्हा सुरू झालं होतं, आणि लिव्हर शांत झाल्यामुळे ढकललेली आयसोनियाझिड आता सुरू झाली, सहा महिन्यांसाठी, सोबत बी6 जीवनसत्त्वाची गोळी आणि लिव्हरवर नजर. आमच्या दोघांच्या दृष्टीने मोठी गोष्ट समुपदेशक ताईंनी सांगितली ती: व्हायरल लोड दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जोडीदाराकडे जात नाही. बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण मी पहिल्यांदा त्या दिवशी उतरलेला पाहिला.

बीच्या बाबतीत तिचं संरक्षण लसीने झालं. पहिला डोस मार्चमध्ये, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजतात, 10 च्या वर हव्यात, तिच्या 400 च्या पुढे होत्या. या तपासणीचे नऊशे रुपये लागले, पण घरात बीचा रुग्ण असेल तर ती करून घ्याच. मुलाला बाळपणीच्या पेंटाव्हॅलंट लसीत हिपॅटायटिस बीची लस मिळालेली होती, तरी एकदा तपासलं. आईलाही लस दिली. आईला फक्त ‘बी कावीळ’ एवढंच सांगितलं आहे. तिने दुसऱ्या दिवशी माझं ताट-वाटी वेगळं काढलं. बायकोने ते उचलून पुन्हा सगळ्यांच्या भांड्यांत ठेवलं आणि आईला सांगितलं, “अहो आई, जेवणातून, भांड्यांतून, शेजारी बसल्याने हा आजार होत नाही. रक्तातून होतो. यांचा वस्तरा, दाढीचं ब्लेड, ब्रश आणि नेलकटर तेवढं वेगळं ठेवायचं.” आई पटकन मानणारी नाही, पण सुनेने सांगितलं म्हणून मानलं. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे ही काळजी खरोखरच घ्यायची.

हर्नियाचं ऑपरेशन जानेवारी 2024 मध्ये एका ट्रस्टच्या रुग्णालयात झालं, साधारण बेचाळीस हजारांत. सर्जनना दोन्ही गोष्टी मी स्वतःच आधी सांगितल्या. त्यांनी किडनी-लिव्हरचे रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, “सकाळची गोळी कोणत्या वेळी घेता?” ऑपरेशनच्या दिवशीही ती घोटभर पाण्यासोबत घ्यायला लावली.

एचआयव्ही सहा महिन्यांत दबला. बीला वेळ लागला. एका वर्षाने डीएनए दोन कोटींवरून काही हजारांवर, दीड वर्षाने तीनशेच्या आसपास, आणि मार्च 2025 मध्ये ‘नॉट डिटेक्टेड’. फायब्रोस्कॅन 5.9. आधीचं 8.1 सुजेमुळेही थोडं फुगलेलं असेल, असं डॉक्टर म्हणाल्या. एचबीएसएजी अजून पॉझिटिव्हच आहे आणि बहुधा राहील. बीचा विषाणू लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात आपला मूळ साचा ठेवून बसतो. गोळी नव्या प्रती निघू देत नाही, साचा पुसत नाही. म्हणून डीएनए शून्य आला तरी गोळी चालूच. उद्या एचआयव्हीचा संच बदलायची वेळ आली तरी टेनोफोव्हिर बीसाठी ठेवावंच लागेल, आणि किडनीने तक्रार केली तर त्याच कुळातलं टीएएफ वगैरे पर्याय डॉक्टर बघतील.

माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर आता लाल शाईने लिहिलेलं आहे: एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही, टेनोफोव्हिर बंद करू नये. दातांच्या डॉक्टरपासून सगळ्यांना मी ते दाखवतो. गोळ्या आता तीन महिन्यांच्या मिळतात. जाताना जुनी बाटली उरलेल्या गोळ्यांसकट न्यावी लागते, ते मोजतात. बाहेरगावी जाताना गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवतो, थोड्या माझ्या बॅगेत, थोड्या बायकोच्या. दारू पूर्ण बंद. वजन वर्षभरात पाच किलोंनी वाढलं, या औषधाने ते वाढतं, म्हणून संध्याकाळी चालायला जातो.

चाळिशी ओलांडलेल्या बीच्या पुरुष रुग्णाने सिरोसिस नसला तरी लिव्हरच्या कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची रक्ततपासणी करावी, असं मला सांगितलं आहे. बाहेर दोन्ही मिळून दीड-दोन हजार लागतात, सरकारी रुग्णालयात नगण्य. ही तारीख एआरटीच्या पुस्तिकेत आपोआप येत नाही, स्वतःच लिहून ठेवावी लागते. माझी पुढची सप्टेंबरात आहे. लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिनही त्याच दिवशी करून घेणार आहे, म्हणजे दुकानातून एकच सुटी लागेल.